नव्वद किलोमीटर अलीकडे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही वही शाळेची आहे. शाळा म्हणजे माझं मोटार ट्रेनिंग स्कूल. गेल्या वर्षी ते बंद केलं तेव्हा अशा अकरा कोऱ्या वह्या उरल्या. प्रत्येक पानावर छापलेलं आहे : आजचा धडा, चुका, शेरा. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या. आता शिकायला कोणी येत नाही, म्हणून स्वतःचंच लिहावं म्हटलं. रकाने मात्र पाळणार नाही.

आज ठोंब्याला डॉक्टरकडे नेलं. हा जनावरांचा डॉक्टर माझ्याच हाताखाली गाडी शिकला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा, नग होता नुसता. पण जनावरांवर हात चांगला आहे त्याचा. ठोंब्याच्या पोटावरून बोटं फिरवली, फोटो काढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, गाठ आहे. मोठी आहे. तेरा वर्षांच्या कुत्र्याला कापाकापी झेपायची नाही. तीन आठवडे धरा."

"आणि नाही धरले तर?"

"तरी तीनच."

ठोंब्या टेबलावर बसून आमची तोंडं बघत होता. त्याचं नाव लेकीने ठेवलं. पिल्लू असताना जिथे ठेवाल तिथे गोळा होऊन बसायचा, हाक मारली तरी ढिम्म. म्हणून ठोंब्या. कुत्रा तिचा. ती गेली तेव्हा भाड्याच्या खोलीत कुत्रा चालत नव्हता, म्हणून तो माझ्याकडे राहिला. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

संध्याकाळी तिला फोन केला. आम्ही वर्षातून दोनदा बोलतो, तिच्या वाढदिवसाला आणि माझ्या. आज दोन्ही नव्हतं, त्यामुळे तिने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "काय झालं?"

सांगितलं. मग म्हणाली, "मी येते. रजा टाकते."

"तू कशाला? तीन गाड्या बदलत येणार, तोवर... मी आणतो त्याला तुझ्याकडे."

"तुम्ही? एकटे? एकोणीसशे किलोमीटर आहे, बाबा."

"मग? मला काय गाडी येत नाही?"

हे वाक्य तिच्यापाशी बोलायला नको होतं. का, ते आज लिहीत नाही. शेवटी ती म्हणाली, "बरं. आणा. पण वेळेत आणा."

पंधरा तारखेला पोचतो म्हणून सांगितलं आहे.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी सहाला निघालो. निघालो कसला, गल्लीच्या टोकालाच थांबलो, हॅन्डब्रेक न सोडता गाडी आणली होती. शिकाऊ पोराने ही चूक केली असती तर मी त्याचे कान उपटले असते.

गाडी शाळेचीच आहे. दोन्हीकडे पेडल असलेली, म्हणजे शिकणाऱ्यापुढे असतात तसे क्लच-ब्रेक शेजारच्या सीटपुढेही. मेकॅनिक म्हणत होता, शेजारचे काढून टाकतो, अर्ध्या तासाचं काम. माझ्याच्याने हो म्हणवेना. त्या सीटवर ठोंब्याला बसवलं. चाळीस किलोमीटरवर, भर रस्त्यात, साहेब खाली उतरले आणि ब्रेकवर बूड टेकून बसले. गाडी जागच्या जागी उभी! मागचा ट्रकवाला इंचभर अंतराने वाचला. बाजूला येऊन त्याने खिडकीतून डोकं काढलं, छपरावरची शाळेची पाटी वाचली (काढायची राहून गेली होती), आणि म्हणतो कसा, "आजोबा, कुत्रा शिकवतोय वाटतं तुम्हाला?"

हसू आलं. पेडलांपुढे घडी केलेली गादी आडवी लावली, पाटी उतरवून डिकीत टाकली.

या वहीत खरंच लिहायचं तर एक गोष्ट लिहायला हवी. चौतीस वर्षं मी ठोंब्याच्या जागी बसत होतो. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि माझा पाय ब्रेकवर. हजारभर माणसं पास केली. स्वतः गाडी चालवली ती घर ते शाळा, शाळा ते बाजार. शहराबाहेर एकट्याने गाडी घेऊन आज पहिल्यांदा आलो आहे. कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

नियम ठरवला आहे : दिवसाला पाच तास, त्यावर एक मिनिट नाही. दमलेला ड्रायव्हर म्हणजे अपघात. हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगायचो. आज एकशे ऐंशी किलोमीटर झाले.


शनिवार, ८ फेब्रुवारी

काल दोन लॉजवाल्यांनी कुत्रा बघून हाकललं. तिसऱ्याने मागच्या बाजूची खोली दिली, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. भिंत दिवसभर थरथरत असते म्हणे. ठोंब्या तिला पाठ लावून मस्त झोपला.

आज पंक्चर. टायरवाला माझ्याच वयाचा निघाला. ट्यूब काढून पाण्याच्या टबात दाबली, बुडबुडे कुठून येतात ते बघून पेन्सिलीने खूण केली, घासून कोरडी केली, ठिगळ लावलं आणि फुंकर घालत बसला. घाई नाही. काम बघून बरं वाटलं. मग त्याने विचारलं कुठे निघालात, आणि मीही सगळं सांगून बसलो. अनोळखी माणसाला सांगायला काय जातं?

"म्हणजे अजून दीड हजार?" तो म्हणाला. "सहा ते सहा चालवलीत तर तीन दिवसांत पोचाल की."

"घाई करून कोणाचं भलं झालंय?"

त्याने एका डब्यात पाणी ओतून ठोंब्यापुढे ठेवलं. ठोंब्या ते सगळं प्यायला. टायरवाला त्याच्याकडे बघतच म्हणाला, "याला विचारलंत का?"

आगाऊ माणूस. ठिगळ मात्र पक्कं बसवलंय.


रविवार, ९ फेब्रुवारी

विशेष काही नाही. एकशे नव्वद. ठोंब्याने दोन अंडी खाल्ली, मी एक.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज घाट होता. पायथ्याशी पाटी : बावीस वळणं. मी तिथल्या टपरीवर चहा घेतला. मग आणखी एक घेतला. मग गाडीचं पाणी, हवा, ऑईल, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं.

चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता कशी उचलायची, हे मी शाळेत मन लावून शिकवायचो. आमच्या गल्लीमागच्या पुलाच्या चढावर, हॅन्डब्रेक लावून, सावकाश क्लच सोडत. पोरं घाबरली की म्हणायचो, "मी आहे ना शेजारी." आज पहिल्या वळणापर्यंत गेलो. वरून बस आली, मला थांबावं लागलं, आणि पुन्हा गाडी उचलताना ती हातभर मागे गेली. नकळत शेजारच्या सीटकडे बघितलं. ठोंब्या माझ्याकडेच बघत होता.

गाडी वळवली. खालून सपाटीचा रस्ता आहे, एकशे चाळीस किलोमीटर जास्त पडतात. त्याच रस्त्याने आलो. ठोंब्याला बावीस वळणांत ओकाऱ्या झाल्या असत्या, त्याच्या पोटाला ते सोसलं नसतं. सगळं त्याच्यासाठीच चाललं आहे.

या वाटेवर दोन्ही बाजूंना मिठागरं आहेत. पांढरे ढीग आणि मधे उथळ पाणी. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. असा मुलूख मी बघितला नव्हता. काच खाली केली तर ठोंब्याने नाक बाहेर काढून तासभर वास घेतला. शेपटी हलत होती. सोबत दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, बघा कसा खुशीत आहे.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ठोंब्याने काल रात्रीपासून अन्नाला तोंड लावलं नाही. दूध हुंगून मान फिरवली. हिरड्या पांढऱ्या दिसतात. वाटेतल्या गावात जनावरांची डॉक्टर शोधली. बाई चाळिशीच्या आतली, शेळीला इंजेक्शन देत होती. हात धुऊन आली, ठोंब्याच्या पापण्या उलटून बघितल्या, पोट चाचपलं, आणि तिने सरळ विचारलं, "कुठे न्यायचंय याला?"

"मुलीकडे. अजून चारशेच्या आसपास आहे."

"मग जा. आत्ता निघालात तर संध्याकाळपर्यंत पोचाल."

"माझा पाच तासांचा नियम आहे. आणि याला विश्रांती..."

"काका, विश्रांतीने हा बरा होणार नाही. आतून रक्त जातंय याचं. दुखण्याचं औषध देते, त्यावर दोन-चार दिवस बरा वाटेल, खाईलसुद्धा. त्याला बरं वाटतंय तोवर पोचा. बरा दिसतोय म्हणून थांबू नका."

हल्लीच्या डॉक्टर लोकांना बोलायची रीत नाही. तिने नीट समजावून सांगितलं, गोळ्यांच्या पुडीवर वेळाही लिहून दिल्या, पण मला वाईट वाटलं. जणू मी मुद्दामच उशीर करतोय.

लेकीला फोन केला. "परवा, शनिवारी नक्की," म्हटलं. ती म्हणाली, "शनिवारी मला सुट्टीच आहे. मी घरीच असते." मग तिने विचारलं, "तो मला ओळखेल का?"

"न ओळखायला काय झालं?" म्हटलं मी. फोन ठेवल्यावर मनात आलं, आपण त्याच्याबद्दल बोललो की आणखी कोणाबद्दल.


शनिवार, १५ फेब्रुवारी

लेकीच्या गावापासून नव्वद किलोमीटर अलीकडे एक छोटं शहर आहे. मधे तळं, तळ्याभोवती बाकं. सकाळी साडेदहालाच इथे पोचलो. पाच तासांतले अजून तीन शिल्लक होते.

लॉज चांगलं आहे. मालकीणबाईंनी कुत्र्याबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट अंगणात पोतं अंथरून दिलं. गाडी चिखलाने बरबटली होती. अशा अवतारात कोणाच्या दारात जायचं? गाडी धुतली. मग आरशात बघितलं, डोक्यावर जंगल माजलेलं. न्हाव्याकडे जाऊन आलो. मग वाटलं सदरा विटलाय. एक शर्ट घेतला, निळा. या सगळ्यात चार वाजले. चारला निघून संध्याकाळच्या गर्दीत अनोळखी गावात शिरायचं म्हणजे शहाणपणा नव्हे.

ठोंब्या बरा आहे. औषध लागू पडलं. भात खाल्ला, मालकीणबाईंच्या मांजरीवर भुंकला.

लेकीला फोन केला. "ठोंब्या दमलाय गं. एक-दोन दिवस इथेच थांबतो. सोमवारी येतो."

"कुठे आहात?"

सांगितलं. एवढ्या जवळ आहे हे ऐकून तिने काहीतरी बोलायला श्वास घेतला, तो मला ऐकू आला. मग नुसतं "बरं" म्हणाली.

नव्वद किलोमीटर. बसने दोन तास. इतकी ओढ आहे तर तिला स्वतःला यायला काय झालं? मी अठराशे आलो ना?


रविवार, १६ फेब्रुवारी

आज तळ्याकाठी बसून राहिलो. ठोंब्या पायाशी. लिहायचं टाळतोय ते लिहून टाकावं. इथे कोण वाचणार आहे?

लेकीला गाडी मी शिकवली. विसाव्या वर्षी. तिच्यासारखा हात मी दुसऱ्या कोणाचा बघितला नाही. सहा महिन्यांत तयार झाली. पण लायसन्सच्या परीक्षेला मी तिला पाठवलं नाही. दर वेळी म्हणायचो, अजून तयार नाहीस. वळणावर घाई करतेस. आरसा बघत नाहीस. परक्यांच्या मुलांना पंचवीस दिवसांत परीक्षेला बसवणारा मी, तिला अडीच वर्षं थांबवून ठेवलं. बायको म्हणायची, "अहो, द्या ना तिला एकदाची." मी म्हणायचो, "रस्त्यावर तुला मुलगी हवी की तिचा फोटो भिंतीवर हवा?"

आणि घरात नियम होता, लायसन्स नाही तर चावीला हात नाही.

त्या दिवशी दुपारी बायकोच्या छातीत कळ आली. मी एका पोराला घेऊन बायपासवर होतो. धडा चालू असताना मी फोन बंद ठेवायचो, तोही माझा नियम. लेकीने मला अकरा वेळा फोन लावला. ॲम्ब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली. शाळेची दुसरी गाडी दारात उभी होती. चावी खिळ्याला. हॉस्पिटल सात किलोमीटरवर.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

लेक आठ दिवस एक अक्षर बोलली नाही. नवव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, मला गाडी येत होती." एवढंच. मान खाली घालून भांडी विसळत राहिलो. पुढच्या महिन्यात ती नोकरी घेऊन इतक्या लांब निघून गेली. नऊ वर्षांत मी माफी मागितली नाही. तिने कधी तोंडावर दोष दिला नाही, पण देण्यासारखं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

हे लिहून हात दुखायला लागला. उद्या पहाटेच निघायचं.


सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी सामान भरायला गेलो तर ठोंब्या आधीच गाडीत. दार उघडं राहिलं होतं, कसा चढला कोण जाणे, आपल्या सीटवर समोर तोंड करून बसलेला. मालकीणबाई हसल्या. "तुमच्यापेक्षा यालाच घाई!"

मी बसलो. चावी फिरवली. तिने दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं. 'आलो' म्हणायचं? तेही बरं वाटेना. इंजीन सुरू, क्लचवर पाय, आणि मी तसाच बसलेला. दहा मिनिटांनी इंजीन बंद केलं.

ठोंब्या उतरेना. ओढावं लागलं. "आज नाही रे, उद्या," म्हटलं, तर पुन्हा चढायला लागला. पुढचे पाय टेकले, मागचे उचलेनात. तसाच लोंबकळत माझ्याकडे बघत राहिला. मी उचलून अंगणात आणला. हलका झालाय फार.

लेकीला मेसेज केला, उद्या येतो. फोन करायची हिंमत झाली नाही. तिचं उत्तर, "बरं."


मंगळवार, १८ फेब्रुवारी

पहाटे साडेपाचला गेला.

चारपासून धापा टाकत होता. मी मांडीवर डोकं घेऊन बसलो होतो. गोळी दिली, ती बाहेर आली. म्हटलं उजाडलं की लगेच निघू, दोन तासांत पोचू, दीड तासात नेतो तुला, बघ. सरळ नेतो. मग एकदा त्याने मान वर केली, दाराकडे बघितलं, आणि संपलं.

मी गाढव आहे. दुसरा शब्द नाही.


बुधवार, १९ फेब्रुवारी

कालचं आज लिहितोय, लेकीच्या घरातून.

मालकीणबाईंनी एक जुनी चादर दिली. तिच्यात गुंडाळून ठोंब्याला मागच्या सीटवर ठेवलं. रस्त्यावर आल्यावर खरं सांगायचं तर परत फिरायचा विचार आला. कुत्राच नाही तर जायचं कशाला? फोनवर सांगता येईल. वाटेतच गेला म्हणता येईल. फाट्यापाशी गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो. परतीच्या रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मग मागे बघितलं. त्या एवढ्याशा गाठोड्याला घेऊन एकोणीसशे किलोमीटर परत जाणार होतो का मी? तिचा कुत्रा तिला न दाखवता पुरणार होतो का?

नव्वद किलोमीटर सव्वा तासात आलो. कधी, कसं, कोणत्या गिअरमधे, आठवत नाही.

ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, घर तिथून जवळच. तळमजला, दोन खोल्या, मागे जरा मोकळी जागा. बेल वाजवली. दार उघडलं. केस कमी झालेत तिचे. चष्मा लागलाय. माझ्या खांद्यावरून तिने गाडीकडे बघितलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "झोपलाय का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिला कळलं. माझ्या बाजूने निघून गाडीपाशी गेली, मागचं दार उघडून आत शिरली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. काचेतून दिसत होतं, तिने चादर सोडवली होती आणि त्याच्या कानांमागे खाजवत होती. पिल्लू असताना खाजवायची तसंच. पाऊण तास.

मग आम्ही मागच्या जागेत खड्डा खणला. फावडं शेजारच्या आजींचं. माती कडक. मी थांबलो की ती खणायची, ती थांबली की मी. तिला मी म्हटलं, "तुझ्या हाताला फोड येतील." ती म्हणाली, "येऊ देत." एवढंच बोलणं झालं दिवसभरात. खड्डा भरून झाल्यावर ती आत गेली आणि आंघोळीच्या पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.

आज तिने रजा टाकली होती. दिवसभर झोपून होती, भिंतीकडे तोंड करून. मी दोनदा चहा केला. दोन्ही वेळा गार झाला.


गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी ती कामावर जायला तयार होती. चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "शनिवारी नेमकं काय झालं होतं?"

उत्तर मी वाटेत तयार करून ठेवलं होतं. गाडी बंद पडली, मेकॅनिक मिळेना. तोंडापर्यंत आलं होतं.

"काही झालं नव्हतं," म्हटलं. "गाडी धुतली. केस कापले. हा शर्ट घेतला. ठोंब्या चांगला होता, मांजरीवर भुंकत होता. शनिवारी निघता आलं असतं. रविवारीही. सोमवारी तर तो स्वतःच गाडीत जाऊन बसला होता, मी त्याला ओढून बाहेर काढलं. तो दमला नव्हता. मला भीती वाटत होती."

"कशाची?"

"तू दार उघडून काय म्हणशील त्याची."

ती वळली. मला वाटलं आता बोलेल, नऊ वर्षांचं सगळं बोलेल. तिने कप ठेवला आणि समोर बसली.

"मी रविवारी बस स्टँडवर गेले होते," ती म्हणाली. "तुम्ही होता त्या गावाचं तिकीट काढलं. बसमध्ये बसले. खिडकीची जागा होती. कंडक्टरने बेल मारली आणि मी उतरले."

"अगं पण का?"

"तुम्ही म्हणाला असतात, कशाला आलीस, मी आणतच होतो ना. तुम्ही सांगितलं होतं मला, थांब, मी आणतो. तुम्ही थांब म्हणालात की मी थांबते, बाबा. मी आईच्या वेळी पण थांबले." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चावी माझ्या हाताच्या अंतरावर होती. पन्नास मिनिटं मी त्या चावीकडे बघत होते. एवढी मोठी झाले होते, आई समोर तडफडत होती, आणि मी बघत होते. तुमच्यावर मी कधी चिडलेच नाही. मला तुमच्या समोर यायचं तोंड नव्हतं."

नऊ वर्षं मी धरून चाललो होतो की ही मला दोष देते. एकदाही मनात आलं नाही की ही एवढ्या लांब येऊन, या दोन खोल्यांत, स्वतःलाच दोष देत बसली असेल. गाडीचं स्टिअरिंग तिने त्या दिवसानंतर हातात धरलेलं नाही. लायसन्स काढलेलंच नाही. हेही आज कळलं.

"तू सहा महिन्यांत तयार झाली होतीस," मी म्हटलं. "पहिल्या फटक्यात पास झाली असतीस. मी खोटं सांगत होतो. वळणावर तुझी कधीच घाई होत नव्हती. लायसन्स मिळालं की तू भुर्रकन जाशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चूक माझी होती. तुझी नव्हती. माझी."

हे शब्द म्हणायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, तिच्या लहानपणीसारखी, नाक ओढत, आवाज करत. मला आतून मोकळं वाटत होतं, आणि मोकळं वाटतंय याची शरम वाटत होती. मागच्या अंगणात नुकतीच उकरलेली माती होती. दोघांपैकी एकाने जरी नव्वद किलोमीटर ओलांडले असते तरी ठोंब्याने तिला बघितलं असतं. तीन दिवस तो आम्हा दोघांची वाट बघत होता.

तोंड धुऊन ती आली, डबा घेतला, चपला घातल्या. तिला उशीर झाला होता. मी म्हटलं, "तू जा कामावर. मीही आवरतो. अकरापर्यंत निघालो तर अंधारायच्या आत दोनशे होतील."

ती दारात थांबली.

"बाबा, भीती वाटली म्हणून तीन दिवस थांबलात. आता माझ्यासाठी एक दिवस थांबा."

माझ्या उत्तराची वाट न बघता गेली. साडेपाचला येते म्हणाली. मी थांबलो आहे. आता सव्वापाच झाले.